फसलेल्या तासांचा शनिवार

भालकीकर मॅडमना हसू आलं की बसावंच लागायचं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे जे घडलं त्यात त्या ऐन वेळी खाली बसलेल्या आहेत. उभ्याने हसणं त्यांच्या नशिबातच नव्हतं. पोटातून हसू वर यायला लागलं की गुडघे आधी राजीनामा द्यायचे, आणि मग खुर्ची असो, जिना असो, शाळेच्या नळाचा ओटा असो, बाई तिथे बसकण मारायच्या. एकदा मलकपेठेत रस्ता ओलांडताना मी काहीतरी बोलून गेले आणि त्या थेट दुभाजकावर बसल्या. दोन्हीकडून बसगाड्या, ऑटो, स्कूटरवाले. मी हाताला धरून ओढतेय आणि ह्या डोळे पुसत म्हणतायत, "थांब गं वर्षे, अजून संपलं नाही."

त्या विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकवायच्या. म्हणजे उद्या जे शिक्षक होणार त्यांना, शिकवावं कसं, ते शिकवायच्या. राहायला चिक्कडपल्लीत, एकट्या. घराणं मूळचं भालकीकडचं, पण आजोबा सरकारी नोकरीसाठी हैदराबादेत आले ते इथलेच झाले. त्यामुळे मॅडमचं मराठी घरचं असलं तरी त्यात 'हौ', 'नक्को', 'परेशान' असे शब्द न विचारता येऊन बसायचे, आणि राग आला की त्या सरळ तेलुगूत शिरायच्या. "रागवायला मराठी पुरत नाही गं, फार सभ्य भाषा हाय आपली," म्हणायच्या. हे मराठवाड्यात कधी भांडण न ऐकलेलं माणूसच बोलू शकतं. अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. पहिल्या दिवशी आमच्या शिपायाने त्यांना पी.टी.च्या नव्या बाई समजून मैदानाकडे पाठवलं होतं. त्या गेल्या पण. दहा मिनिटं खो-खो बघून मग ऑफिसात आल्या.

आमची शाळा गौलीगुड्यात, बसस्टँडच्या मागच्या अंगाला. कधीकाळी मराठी मंडळींनी काढलेली, आता इंग्रजी माध्यमाची. वर्गात तेलुगू घरातली मुलं, उर्दू घरातली, आणि काही आपली, ज्यांना मराठीचं पुस्तक वाचायला दिलं की कपाळावर घाम येतो. मी तिथे गणित शिकवते. बरी शिकवते असं माझं मत होतं.

तीनेक वर्षांपूर्वी वरून पत्र आलं की भागातल्या चार शाळांनी आणि विद्यापीठाने भागीदारी करून शिकवणं सुधारायचं. आमचे हेडमास्तर नरसिंग राव सर पत्र वाचून झाल्याबरोबर फुलवाल्याला फोन करायला उठले. त्यात त्यांचंही चुकलं नाही. तोवर विद्यापीठातून माणसं यायची ती गुच्छ घ्यायची, वर्गात पुढच्या खुर्चीवर बसायची, वीस मिनिटं कागदावर बरोबरच्या खुणा करायची आणि समोसा खाऊन जायची. आमच्याकडे त्यासाठी एक तास कायमचा तयार होता. सातवी ब, अपूर्णांक, रंगीत कागदाच्या पट्ट्या. तो इतक्या वेळा झाला होता की मी पाचवा प्रश्न विचारायच्या आत मुलं सहाव्याचं उत्तर द्यायची. दरवर्षीची नवी सातवी हा तास जुन्या सातवीकडून वारशाने घ्यायची.

मॅडमनी गुच्छ घेतला, बघितला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला देऊन टाकला. खुर्ची नक्को म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन दोन मुलींच्या मध्ये बसल्या. तास झाला. नेहमीसारखा चकाचक झाला. मुलांनी टाळ्यासुद्धा जिथे ठरल्या होत्या तिथेच वाजवल्या. मॅडमचा कागद मात्र कोरा.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "आता तुझा फसलेला तास बघायला कधी येऊ?"

"माझा तास फसत नाही, मॅडम."

"मग तू शिकवत नाहीस बाळ. पाठ म्हणून दाखवतेस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या गल्लीतल्या भाजीवालीलाही माहीत आहे. मी म्हटलं, "इतकं सोपं वाटत असेल तर एक तास तुम्हीच घेऊन दाखवा ना." नरसिंग राव सरांनी समोशाची बशी घाईघाईने पुढे केली. मॅडम बाकातून महत्प्रयासाने सुटत म्हणाल्या, "हौ की. उद्या येऊ?"

दुसऱ्या दिवशी त्या दोन किलो जाम घेऊन हजर. जाम म्हणजे पेरू. हैदराबादेत पेरू म्हणालात तर गाडीवाला तुमच्या तोंडाकडे बघत राहील. सातवी ब समोर मॅडमनी सुरी काढली, एक जाम अर्धा कापला, दुसऱ्याचे चार तुकडे केले आणि विचारलं, "हा अर्धा जास्त, की हे दोन तुकडे जास्त?" सगळा वर्ग म्हणाला, दोन तुकडे. का? तर दोघांना खाता येतात. "बरं, पण शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर?" ठेवून बघायला हात घातला तर एक तुकडा गायब. त्याची चौकशी सुरू झाली तोवर अर्धा पण गेला. कुणाच्या तरी दप्तरातून तिखटमीठ निघालं. घंटा झाली तेव्हा फळ्यावर एकही अपूर्णांक नव्हता आणि वर्गात एकही जाम नव्हता. मी दारात उभी राहून हे सगळं बघत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

मॅडम फळ्याखालच्या पायरीवर बसल्या. म्हणजे हसू आलं होतं. "फसला. वर्षे, अस्सा फसला ना तास." मग पिशवीतून एक जुनी लग्नपत्रिका काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काय काय झालं ते लिहायला लागल्या. मुलं 'दोन तुकडे' का म्हणाली हे त्यांनी तीन मुलांना पुन्हा बोलावून विचारलं आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत तास बिघडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी बघितलं नव्हतं. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं की रंगीत पट्ट्यांचा तास पाठ केलेला आहे. "ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "माझ्या शेजारची पोरगी टाळ्यांच्या आधी हात झटकून तयार होत होती."

लग्नपत्रिकांचं त्यांना वेड होतं. चिक्कडपल्लीतल्या तमाम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून त्या जुन्या पत्रिका जमवायच्या. कागद जाड, पाठ कोरी, फेकवत नाही म्हणायच्या. त्यामुळे आमच्या चार शाळांत शिकवताना ज्या चुका झाल्या त्यांच्या पाठीमागे कुणाचं ना कुणाचं शुभमंगल छापलेलं आहे. माझ्या दशांश चिन्हाच्या गोंधळामागे तर सोनेरी गणपती आहे.

त्यातूनच शनिवार सुरू झाला. चार शाळांतले आम्ही बारा-पंधरा शिक्षक आणि विद्यापीठातले दोघे-तिघे, दर शनिवारी शाळा सुटल्यावर आमच्या प्रयोगशाळेत जमायचो. मध्ये स्टीलचा मोठा डबा, त्यात उस्मानिया बिस्किटं. नियम दोनच. आठवड्यातला आपला फसलेला तास सांगितल्याशिवाय बिस्किट नाही. आणि स्वतःचा सांगून झाल्याशिवाय दुसऱ्याच्या तासाला हसायचं नाही. हा दुसरा नियम फार अवघड. मलकपेठच्या शाळेतल्या झैनब आपांनी एकदा बाष्पीभवन दाखवायला ओला रुमाल वर्गाबाहेरच्या तारेवर वाळत घातला. अर्ध्या तासाने मुलांना बाहेर नेऊन विचारलं, "अब बताओ, पानी कहाँ गया?" मुलं म्हणाली, "आपा, रुमाल कहाँ गया?" माझा नंबर त्यांच्यानंतर होता. तोवर हसू दाबून धरल्याने माझ्या कानात दडे बसले.

पण नुसतं हसणं नव्हतं ते. हसून झालं की मॅडम विचारायच्या, "हां, आता पत्ता?" त्यांचं म्हणणं असं की मुलाने चुकीचं उत्तर दिलं की ते खोडायचं नाही, त्याचा पत्ता विचारायचा. कुठून निघालं, वाटेत कुणाकडे थांबलं, इथे कसं पोचलं. "चूक काय आभाळातून पडत नाही. तिचं घर असतं. तिथवर चालत जा, चहा घे, मग बोल." मी वर्गात 'चूक' म्हणायचं सोडून 'पत्ता सांग' म्हणायला लागले. पहिले दोन महिने मुलं गल्लीचं नाव सांगायची. मग हळूहळू खरं सांगायला लागली, आणि तेव्हा मला कळलं की माझ्या वर्गातली निम्मी मुलं सोळा वर्षं वेगळ्याच रस्त्याने येत होती आणि मी नुसती दारात उभी राहून उशीर झाला म्हणून ओरडत होते.

नरसिंग राव सर एवढे एकटे नियमात सापडले नाहीत. माणूस देवभोळा, प्रेमळ, पण पाहणी म्हटली की गारठायचा. ते शनिवारी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहायचे, सगळं ऐकायचे, आणि डबा पुढे केला की, "नक्को नक्को, मेरेकू शुगर है." गॅदरिंगला डबल का मीठा दोनदा घेणाऱ्या माणसाला कसली शुगर. पण मॅडमनी कधी टोकलं नाही. "त्यांचा तास अजून पिकायलाय," एवढंच म्हणायच्या.

एका शनिवारी झैनब आपांनी विचारलं, "मॅडम, आपका सबसे बडा?" आम्हाला वाटलं, आता खाली बसतील. मॅडम आधीच बसलेल्या होत्या आणि हसल्या नाहीत.

"मी नवीनच लागले होते," त्या म्हणाल्या. "बी.एड.च्या मुलींचे सरावाचे तास बघायला जायचं काम. रेणुका म्हणून एक होती. तिचा वर्ग नुसता कल्ला करत होता. पोरं बाकांवर चढलेली, एकमेकांना समजावून सांगायलेली. मी लिहिलं, वर्गावर ताबा नाही. नापास केलं. तिने काही विचारलं नाही, मी पण काही विचारलं नाही. ती परत आलीच नाही. पुढे पाच-सहा वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला की ती पोरं भूगोलावरून भांडत होती. बघा, नदी कुठून कुठे वाहते यावरून पोरं बाकावर चढतात, आणि मी तिला घरी बसवलं." थोडा वेळ त्या डब्याच्या झाकणाशी खेळत राहिल्या. "तीस वर्षं मी शिक्षकांना शिकवलं. शाळेत जाऊन शेवटच्या बाकावर बसायची अक्कल आता आली. म्हणून म्हणते, मी राहीन न राहीन, हा शनिवार राहिला पाहिजे. नवीन पोरीला येऊन सांगता आलं पाहिजे की माझा फसला, आणि कुणीतरी म्हटलं पाहिजे की बैस, माझा पण."

त्या दिवशी त्यांनी बिस्किट घेतलं नाही. आम्हीही कुणी घेतलं नाही.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात विद्यापीठाकडून पत्र आलं. भागीदारीला दोन वर्षं झाली, फलित काय, ते बघायला तिघांची समिती येणार आणि पुढे चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवणार. मॅडम एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या. समितीने नाही म्हटलं असतं तर त्यांच्या पाठोपाठ शनिवारही गेला असता. त्या एकदा जिना उतरताना एवढंच म्हणाल्या, "काही सजवू नका हं. रोजचं दाखवा." पण त्या आठवड्यात त्या एकदाही खाली बसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

नरसिंग राव सरांच्याही आलं असावं. समिती यायच्या चार दिवस आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं. "वर्षा मॅडम, एक बात सुनो. भालकीकर मॅडमना काय आवडतं? फसलेला तास. समितीला काय दाखवायचं? फसलेला तास. मग तो नीट फसायला पाहिजे की नाही? ऐन वेळी बरोबर गेला तर इज्जत काय राहील?" आणि त्यांनी खिशातून कागद काढला. तक्ता होता. दहा वाजून दहा मिनिटांनी नागलक्ष्मी चुकीचं उत्तर देणार. दहा वाजून पंधरा मिनिटांनी इम्रान त्याहून चुकीचं देणार. दहा वीसला मी गोंधळणार. गोंधळणार याच्याखाली लाल रेघ होती.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "सर, इम्रानला दहा सतराला घेऊ या, जवळ जवळ नको." सोळा वर्षांची सवय, दुसरं काय. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्या बाईंचा शनिवार माझ्या वर्गात बुडाला तर मी तोंड कुठे दाखवू? तीन दिवस आम्ही सातवी ब ला चुकायची तालीम दिली. मुलं इतकी खूश होती की विचारू नका. चुकण्यासाठी एवढा मान त्यांना कधी मिळाला नव्हता.

समिती शनिवारी सकाळी आली. अध्यक्ष साहेब उंच, गंभीर, सूटबूट, चष्मा नाकावर. दोघं जण वह्या घेऊन मागे. नरसिंग राव सर हात जोडून दाराशी. मॅडम वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या. मी फळ्यावर लिहिलं, वन बाय टू अधिक वन बाय फोर, किती?

दहा वाजून दहा मिनिटांनी नागलक्ष्मी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "टू बाय सिक्स." वरचे आकडे वरच्यात, खालचे खालच्यात. ठरल्याप्रमाणे, सुंदर चुकलं. आता मी 'चूक, बैस' म्हणून इम्रानकडे वळायचं होतं. पण माझ्या तोंडाला लागलेली सवय. मी म्हटलं, "पत्ता सांग."

नागलक्ष्मीच्या वडिलांचं बसस्टँडमागे चहाचं हॉटेल आहे. ती पत्ता सांगायला लागली. "मॅडम, समजा अर्धा कप चहा आहे. त्यात पाव कप ओतला. तर झाला टू बाय सिक्स. टू बाय सिक्स म्हणजे तीनातला एक..." आणि ती थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, तीनातला एक तर अर्ध्याहून कमी. चहा ओतल्यावर कप रिकामा कसा होईल?"

"गळका असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमच्या हॉटेलात गळके कप नसतात," नागलक्ष्मी उसळली. झालं. वर्ग पेटला. एकाने पाण्याची बाटली काढली, दुसरीने डब्याचं झाकण. तेलुगूत एक, उर्दूत एक, आपल्या मराठीत दोन, सगळी एकदम बोलायला लागली. चार जण फळ्यापाशी पोचले, दोघं बाकावर चढली, आणि सहा मिनिटांत बाटलीवरच्या खुणांनी, खडूच्या रेघांनी, भांडून, ओरडून थ्री बाय फोर फळ्यावर आलं. मला कुणी विचारलंही नाही. तेवढ्यात इम्रान रडवेल्या तोंडाने उभा राहिला.

"मॅडम, दहा सतरा झाले. माझं चुकीचं उत्तर द्यायचं होतं. पण आता बरोबर कळून गेलं. काय करू?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. नरसिंग राव सरांनी डोळे मिटून घेतले. आणि मागे, भिंतीला घासत घासत, भालकीकर मॅडम सरळ जमिनीवर येऊन बसल्या. आवाज नाही, नुसते खांदे हलतायत.

"म्हणजे हे ठरवलेलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

मॅडमनी पदराने डोळे पुसले. "दिसतंय तसं, साहेब. ठरवलेला तास आमच्याकडे साफ फसला. लिहून घ्या."

बाहेर व्हरांड्यात मात्र त्या माझ्यापाशी थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंस वर्षे." तेवढंच. ते मला अजून लागतं. रागावल्या असत्या, तेलुगूत चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

दुपारी समितीला प्रयोगशाळेत बसवलं. डबा मध्ये. आणि दारातून नरसिंग राव सर आत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आले, स्टूल ओढून बसले. "माझा सांगतो," म्हणाले. "मी सगळा स्कूल फसवायला निघालो होतो. मुलांना चुकायला शिकवलं. वर्षा मॅडमची गलती नाही, मेरी है. तीस वर्षं झाली, साहेब लोक आले की मला घाम येतो. आपलं मूल नापास होईल म्हणून रात्रभर जागणाऱ्या आईसारखं होतं. पत्ता विचाराल तर तो हा." सांगून झालं आणि त्यांनी दोन बिस्किटं उचलली. शुगरची आठवण कुणी काढली नाही.

अध्यक्ष साहेबांनी सहज म्हणून डब्याकडे हात नेला. मॅडमनी झाकण लावलं.

मला वाटलं, संपलं सगळं. साहेब झाकणाकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी चुकून वनस्पतीशास्त्राच्या वर्गात गेलो. चाळीस मिनिटं अर्थशास्त्र शिकवलं. कुणी सांगितलं नाही. उलट दोघांनी नोट्स मागितल्या." आणि जरा थांबून, "मी दिल्या पण." झैनब आपांचा नंबर अजून झाला नव्हता. तरी त्या हसल्या. नियम मोडला, आणि मग हसू कुणालाच धरवलं नाही. मॅडम स्टुलावरून उठल्या होत्या चहा द्यायला, त्या परत बसल्या.

महिन्याभराने पत्र आलं, भागीदारी चालू. मॅडमना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "बिस्किटं कोण आणणार ते लिहिलंय का?"

एप्रिलात त्या निवृत्त झाल्या. शाल देताना नरसिंग राव सर रडले, मी रडले, त्यांनी आम्हा दोघांना चालु चालु, म्हणजे तेलुगूत पुरे पुरे, म्हणून गप्प केलं. पत्रिकांचं खोकं माझ्या हवाली केलं. जूनमध्ये बिदरला धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला जायचं ठरलं होतं. जायच्या आधीच्या शनिवारी त्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, नरसिंग राव सर उभे राहायचे अगदी तिथे.

"या ना मॅडम, आत या."

"कशी येऊ? मला तासच नाही, फसणार काय?" असं म्हणून आत आल्याच. "पण आहे एक. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनची बायको, यादम्मा, म्हणाली, अम्मा, वाचायला शिकवा. मी खूश. पंधरा दिवस तिला अक्षरं शिकवली, चित्रं, कार्डं, सगळं. काल ती म्हणाली, अम्मा, हे सगळं बरं आहे, पण मला फक्त लेकीच्या घराकडे जाणारी बस ओळखायची होती." त्या खुर्चीत टेकल्या. "विचारलंच नाही मी तिला, काय हवंय म्हणून. रिटायर झाले तरी तीच चूक गं." आणि डबा स्वतःकडे ओढला.

त्या दिवशी स्वप्नाही होती, विद्यापीठातून आमच्याकडे सरावाला आलेली मुलगी. आठवडाभर तिच्या सातवी ब मध्ये असा कल्ला होता की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीतून बघायला यायची. तिचा नंबर आला तर खाली मान घालून म्हणाली, "माझा सांगण्यासारखा नाही. मी सोमवारपासून येणार नाही, मॅडम. मला जमत नाही हे." भालकीकर मॅडमनी आपल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा मोडून तिच्या पुढ्यात ठेवला. निघाल्या तेव्हा "मला स्टॉपपर्यंत सोड गं बाळ, पिशवी जड आहे," म्हणून तिला बरोबर घेऊन गेल्या. पिशवीत रिकामा डबा होता.

मी वरच्या खिडकीत उभी राहिले. खाली बसस्टँडच्या रस्त्याला शनिवारची गर्दी, केळ्यांच्या गाड्या, हॉर्न. इस्त्रीची साडी, पांढरे बूट, शेजारी स्वप्ना मान खाली घालून. मॅडम काहीतरी विचारत होत्या. स्वप्ना आधी एकेक शब्द बोलत होती, मग हात हलवायला लागली, मग दोन्ही हातांनी काहीतरी उंच बाकासारखं दाखवायला लागली. आणि मॅडम मटकन फुटपाथवर बसल्या. स्वप्ना घाबरली. तिला काय माहीत. तिने दोन्ही हातांनी ओढायचा प्रयत्न केला, इकडेतिकडे बघितलं, केळीवाला मदतीला धावला. मॅडम हातानेच 'थांबा थांबा' करतायत. मग स्वप्ना वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तीही हळूच त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसली. दोन बसगाड्या आल्या नि गेल्या. त्या दोघी उठल्या नाहीत. मॅडमना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

सोमवारी दुसऱ्या तासाला शेजारच्या सातवी ब मधून असा गलका सुरू झाला की माझ्या वर्गात मला माझाच आवाज ऐकू येईना. माझी मुलं म्हणाली, मॅडम, दार लावू का?

मी म्हटलं, राहू दे.